जुन्या मारुती ८००चे मागचे ब्रेक शू घरी बदलता येतात का?

तुमची १९९९ ची ८००, हँडब्रेक पूर्ण ओढला तरी उतारावर सरकते, मागच्या डाव्या चाकातून घासल्याचा आवाज येतो. शू (म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे, लायनरचा थर लावलेले अर्धगोल तुकडे) घरी बदलता येतील का, आणि आवाज डावीकडूनच येतोय तर डावीकडचेच बदलून भागेल का, असं विचारलंय तुम्ही.

बदलता येतात. एका बाजूचे बदलून भागत नाही. कामापुरतं उत्तर एवढंच. पण 'डावीकडचेच' हा शब्द वाचला आणि मला आमचे दाजी आठवले, त्यामुळे पुढचं थोडं लांबणार आहे.

२०११ ची दिवाळी. अण्णांची ८०० घेऊन कराडहून चिपळूणला ताईकडे निघालो होतो, भाऊबीजेला. कोयनानगर सोडून कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. दोनदा दाबलं की धरायचं. दुसऱ्या गिअरवर, हळूहळू, मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या खात पोफळीला उतरलो. ताईच्या दारात गाडी लावली, हँडब्रेक ओढला, तर गाडी निवांत मागे चालायला लागली. अंगणाला उतार आहे त्यांच्या. चाकाखाली दगड घातला आणि वाकून बघितलं. डाव्या मागच्या टायरला आतल्या बाजूने ओला ओघळ, त्यावर घाटातली धूळ बसून काळा चिखल झालेला. बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइल खालच्या रेघेच्याही खाली.

दाजींनी एक नजर टाकली आणि निकाल दिला, "लायनर संपलेत. लायनर झिजले की ऑइल खाली जाणारच." यात तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. शू झिजले की त्यांना ऑइलच्या दाबाने ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे पिस्टन जास्त बाहेर येतात आणि टाकीतली पातळी उतरते. पण टायर त्याने ओला होत नाही हो! ओघळ दिसला की व्हील सिलिंडर गळतोय, यात मत बनवण्यासारखं काही नसतं. हे मी तेव्हाही म्हणालो होतो. ताई साक्षीला आहे.

शूंचा नवा सेट माझ्या डिकीत होता, कराडच्या मेकॅनिकने 'दिवाळीनंतर या' म्हणून परत पाठवलेलं. दाजी म्हणाले, अर्ध्या तासाचं काम, ओवाळणीच्या आत उरकू. शिवाय फक्त डावीकडचे घालू, उरलेले दोन ठेवून दे, पुढच्या वेळी कामाला येतील. दाजी कंजूष नाहीत, भाच्याच्या मुंजीत दोन गावं जेवली. फक्त गाडीच्या सुट्या भागांचा विषय निघाला की त्यांच्यात कोण संचारतं देव जाणे.

चाक काढलं. ड्रमवरची टोपी, स्प्लिट पिन, मधला नट, सगळं व्यवस्थित निघालं. ड्रम निघेना. दाजींनी हातोडा घेतला. मी म्हणत होतो की या गाडीत बेअरिंग ड्रमच्या पोटातच असतं, ठोकू नका. ते म्हणाले, मी काय जोरात ठोकतोय का? अर्धा तास ते जोरात न ठोकता ठोकत होते. शेवटी समोरच्या आळीतला एक रिक्षावाला दात घासत घासत आला आणि म्हणाला, "हँडब्रेक केबल सैल केलीत का?" केली नव्हती. जुन्या ड्रमला आतून शू जिथं घासतात तिथं खळगा पडतो आणि काठाला एक ओठ तयार होतो. शू बाहेर ताणलेले असले की त्या ओठाला अडकून बसतात, मग ड्रम कितीही ओढा. केबल सैल केली, ड्रम हलवत हलवत ओढला, आला हातात.

आतलं दृश्य मी विसरणार नाही. पुढचा शू इतका झिजला होता की एका कडेला नुसतं लोखंड. मागच्याला अजून बऱ्यापैकी माल शिल्लक. पुढचा शू चाकाच्या फिरण्याबरोबर स्वतःच ड्रमकडे ओढला जातो, म्हणून तो आधी मरतो. दोन्ही शूंवर ब्रेक ऑइलचा चकचकीत थर, आणि ड्रमच्या तळाशी लायनरच्या भुकटीचा लगदा. दाजींनी वरची कोरडी धूळ उडवायला तोंडाने फुंकर मारली. हे तुम्ही करू नका, एअर गनने तर मुळीच नको. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जाऊन बसते. ओलं फडकं घ्या, पुसा, टाकून द्या.

मी सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट नखाने उचललं. आतून ऑइल टपकलं. म्हटलं, बघा. दाजी म्हणाले, एवढं थोडं असतंच.

इथून पुढच्या दोन मिनिटांवर आमच्या घरात चौदा वर्षं वाद चालू आहे.

जुने शू निघाले होते, नवे अजून हातात होते, ड्रम बाजूला रांगोळीशेजारी ठेवलेला. भाचा, तेव्हा आठ वर्षांचा, नवीन कपडे घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंग फिरवत होता. दाजींना सिलिंडर चालतो का ते बघायचं होतं. ते म्हणाले, "बाळा, जरा ब्रेक दाब रे." दाजींचं आजही म्हणणं आहे की ते असं म्हणालेच नाहीत, पोराने आपणहून दाबला. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उकिडवा बसलो होतो. माझे कान तेव्हा शाबूत होते.

पोराने उभं राहून दाबला. शू नसताना पिस्टनला अडवणारं काहीच नसतं. एक पिस्टन फट्कन उडाला आणि तुळशी वृंदावनावर आपटला. दुसरा माझ्या पायाशी पडला. मागोमाग ऑइलची पिचकारी. ताईने पहाटे पाचला उठून काढलेली ठिपक्यांची रांगोळी, त्यातला अर्धा मोर गेला. ताई बाहेर आली, मोराकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आत गेली. ओवाळणी त्या दिवशी दुपारी दीडला झाली.

भाऊबीजेच्या दिवशी चिपळुणात स्पेअर पार्टचं दुकान कुठलं उघडं असणार? मी दुसऱ्या दिवशी ड्युटीसाठी एसटीने कराडला आलो. गाडी पुढच्या रविवारपर्यंत तीन चाकांवर अंगणात. येताना दोन्ही बाजूंचे सिलिंडर, स्प्रिंगांचा संच आणि ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा घेऊन आलो, आणि दाजी जेवून झोपले असताना दोन्ही बाजू पुऱ्या केल्या. ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायला पेडल मारायला ताई बसली. 'दाब, धर, सोड' इतकंच बोलायचं होतं, आणि तिने ते माझ्यापेक्षा चांगलं सांभाळलं.

आता मुद्दा. दाजींचं म्हणणं, सिलिंडर चांगला होता, पोराने बिघडवला. तो जुना सिलिंडर मी टाकलेला नाही, फरसाणाच्या डब्यात कपाटात आहे. आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे आहेत, बोट फिरवलं की लागतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, वर्षानुवर्षं बदललं नाही की ते पाणी आतून लोखंड खातं. एका सकाळी एका पेडलने गंजाचे खड्डे पडत नाहीत. उलट पोराने दाबला नसता तर गळक्या सिलिंडरखाली नवे शू घालून आम्ही घाट चढलो असतो आणि आठवड्यात तेही ऑइलने भिजले असते. भिजलेला लायनर पेट्रोलने धुवा, उन्हात ठेवा, पॉलिश पेपर मारा, तो पुन्हा नीट धरत नाही. जो मेकॅनिक 'साफ करून देतो' म्हणेल त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

म्हणून तुमच्या गाडीबाबत: ड्रम उघडलाच आहे तर सिलिंडरचं बूट उचलून बघा. नुसता ओलावा असेल तरी सिलिंडर बदला. किट, म्हणजे नुसती आतली नवी रबरं, घालून चालतं असं लोक सांगतील. आतली भिंत आरशासारखी असेल तर चालतं. पंचवीस वर्षांच्या गाडीत ती तशी नसते. सिलिंडरचा खर्च म्हणजे दोघांचं बाहेरचं जेवण.

आणि शू दोन्ही बाजूंचे, चारच्या चार. एकीकडे नवा कोरा लायनर, दुसरीकडे काचेसारखा गुळगुळीत झालेला जुना, मग दोन चाकं सारखी कशी धरतील? कोरड्या रस्त्यावर कळत नाही, कारण ब्रेक लावला की वजन पुढं जातं आणि बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. पावसात उतारावर एकच मागचं चाक जाम झालं की गाडीचा मागचा भाग फिरायला बघतो, मग कळतं. उरलेले दोन शू 'पुढच्या वेळी' ठेवणाऱ्यांना मला काही सांगायचं नाही. त्यांना माहीत आहे मी कोणाबद्दल बोलतोय.

मात्र उघडताना एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंग कुठल्या भोकात, आडवी पट्टी कशी बसते, हे विसरायला दहा मिनिटं पुरतात. दुसरी बाजू बंद असली की ती उघडून बघता येते, फक्त आरशातल्यासारखं उलट असतं एवढं ध्यानात ठेवा. फोटो काढाच. जुने शू दुकानात सोबत न्या, वर्ष-मॉडेल सांगून भागत नाही. हँडब्रेकची लिव्हर नव्या सेटमध्ये आली नाही तर जुन्या शूवरची काढून लावायची, ती फेकून देऊ नका. स्प्लिट पिन नवीनच. ड्रममध्ये खोल रेघा असतील तर लेथवर टर्निंग करून, म्हणजे आतून तासून, तो गुळगुळीत होतो, पण त्यालाही मर्यादा आहे, ड्रमवर जास्तीत जास्त व्यास ओतलेला असतो. त्यापलीकडे गेला की ड्रम भंगारात.

हे आधी सांगायला हवं होतं, राहून गेलं: हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो. मागची बाजू उचललीत की हँडब्रेकचा उपयोग शून्य. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे, म्हणून पहिला गिअर टाका आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालू नका, स्टँड वापरा. कोकणातल्या मंडळींनी जांभ्याचा चिरा लावू नये, ओला असला की त्याचा कोपरा भाकरीसारखा तुटतो. आणि काम चालू असताना गाडीत कोणी बसायचं नाही, आठ वर्षांचा नाही आणि अठ्ठावन्नचाही नाही.

हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी ताणा, शू बसून पेडल वर आल्यावर. आधी ताणलीत तर शू घासत राहतात, ड्रम तापतो, आणि तुम्ही म्हणाल शूच खराब निघाले.

दाजींचं एक मात्र खरं निघालं. ते पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी कधी ठेवत नाहीत, गिअर आणि दगड. चिपळूणच्या हवेत आठ दिवस हँडब्रेक ओढून ठेवलात तर शू गंजून ड्रमला चिकटतात. २०२१ च्या जुलैच्या पुरात त्यांच्या आळीत चाकं बुडतील इतकं पाणी आलं होतं आणि गाडी नेमकी हँडब्रेकवर राहिली, घाईत दुसऱ्या कुणीतरी लावलेली. गाळ वाळला, मागची दोन्ही चाकं जाम. तेव्हा त्यांनी मला फोन केला. मी सांगितलं, केबल सैल करा, ड्रम काढा, गाळ पाण्याने धुऊन काढा, सिलिंडर बघा. पलीकडून बराच वेळ काही बोलणं नाही. मग म्हणाले, "पेडल नाही ना दाबायचं?"

आणि तो पेडल दाबणारा भाचा? आता मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय त्याचा, पुण्यात नोकरीला आहे. तरी घरात गाडीचं काही बिघडलं की नाव त्याचंच निघतं.

बाकी घरी करावं की गॅरेजला द्यावं, तर ब्रेकची हवा आधी कधी काढली नसेल तर पहिल्या खेपेला माहितगार माणूस शेजारी बसवा, हातोडा त्याच्या हातात न देता. काम झाल्यावर आधी रिकाम्या मैदानात दहा-बारा वेळा थांबवून बघा, मगच रस्त्यावर. आणि घासल्याचा आवाज ब्रेक दाबल्यावरच येतो की नुसतं चालवतानाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नुसतं चालवतानाही येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल तर शूंच्या आधी बेअरिंग बघा.