पगार चांगला, घर चांगलं, तरी मन का लागत नाही?

तुम्ही लिहिलंय की वय २९, नोकरीसाठी नाशिकहून गोव्यात आलात, पर्वरीत फ्लॅट आहे, पगार चांगला आहे, तब्येतीची तक्रार नाही. शनिवार-रविवार समुद्रावर जाता. तरी रात्री दार उघडून आत आलं की पोकळ वाटतं. आणि विचारलंय, माणूस नेमका कशाने आनंदी राहतो, आणि तुम्हा गोवेकरांचं सुशेगाद राहण्याचं गुपित काय?

गुपितापासूनच सुरुवात करते, कारण त्याबद्दल फार गैरसमज आहेत. सुशेगाद हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, अर्थ शांत, निवांत. बाहेरून आलेल्या माणसाला दुपारी एक ते चार बंद असलेली दुकानं दिसतात आणि वाटतं, ही माणसं मजेत आहेत. पहाटे सायकलवर भोंपू वाजवत दारात येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, रात्रभर भट्टीपाशी होता, हे दिसत नाही. मुलं बोटीवर नाहीतर परदेशात आणि दहा खोल्यांच्या घरात एकटी म्हातारी, अशी घरं आमच्या प्रत्येक गावात आहेत. उदासी गोव्यातही भरपूर आहे. मला या विषयातलं जे काही कळलं, ते माझ्या मोठ्या भावामुळे कळलं.

माझं माहेर डिचोली तालुक्यातलं. २०१२ पर्यंत आमच्या भागात खनिज माल वाहणारे ट्रक घरोघरी असायचे म्हटलं तरी चालेल. खाणीवरून माल उचलायचा, जेटीवर टाकायचा, फेरीमागे पैसे. दादाचे दोन ट्रक होते, दुसरा नुकताच कर्ज काढून घेतलेला. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जेमतेम आठवड्यावर आली होती. त्या वर्षीही आम्ही गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधली, नेवऱ्या (करंज्या) तळल्या, सगळं रीतसर झालं. फक्त दादा आरतीला उभा राहिला नाही. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, शामेळ हे आरतीचा ठेका धरणारं वाद्य वाजवणारा तोच. घुमट हे मातीचं वाद्य वाजवणारे दारात येऊन थांबले, तर आतूनच म्हणाला, "डोकं दुखतंय, तुम्ही करा."

सुरुवातीला तो रोज सकाळी दोन्ही ट्रक पाच-पाच मिनिटं चालू करून ठेवायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. दुसऱ्या पावसाळ्यात तेही थांबलं. टायरवर वेली चढल्या. संध्याकाळी बाटली यायला लागली. वहिनी काही बोलली की तो उठून मागच्या पडवीत जाऊन बसायचा. शेवटी कुळागराचा, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेचा, एक तुकडा विकून आम्ही कर्ज फेडलं. सगळ्यांना वाटलं, आता हा सुटला. दादा बँकेतून घरी आला, जेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी उठला नाही.

हा प्रसंग तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, कारण तुमच्या प्रश्नातला 'पगार चांगला आहे, तरी' हा शब्दप्रयोग मला अगदी ओळखीचा वाटला. पैशाने आनंद मिळत नाही असं मी म्हणणार नाही. ज्याच्या दारात वसुलीवाला उभा आहे त्याला असलं काही ऐकवू नये, तो अन्याय आहे. चणचण माणसाची झोप खाते, घरातला आवाज चढवते, आजारपणाची भीती दुप्पट करते. डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन या संशोधकांनी २०१० साली अमेरिकेतल्या माहितीवरून दाखवलं होतं की रोजची मनःस्थिती वर्षाला साधारण ७५,००० डॉलर उत्पन्नापर्यंत सुधारते आणि मग थांबते. पुढे मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना उलट दिसलं, त्यापुढेही ती सुधारतच जाते. २०२३ मध्ये काहनेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी एकत्र बसून हा गुंता सोडवला. बहुतेकांच्या बाबतीत आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो, पण आधीपासून खूप दुःखी असलेल्या तळाच्या गटात एका टप्प्यानंतर जास्तीचा पैसा काही करू शकत नाही. त्यांचं दुःख दुसरीकडचं असतं. हे वाचलं तेव्हा मला भिंतीकडे तोंड करून झोपलेला दादा आठवला. त्याचं कर्ज गेलं होतं, पण पहाटे पाचला उठून ज्याच्यासाठी बाहेर पडायचं, ज्या चार जणांत बसून चहा प्यायचा, "किती फेऱ्या झाल्या?" असं ज्यांनी विचारायचं, ते सगळंही गेलं होतं.

वहिनीने त्याला रक्तदाबाच्या निमित्ताने आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी दाब मोजला, झोप आणि भुकेबद्दल चार प्रश्न विचारले, काही महिने घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी ना खोदून विचारलं, ना उपदेश केला. एक शाळेची वही दिली. दिवसभरात काय केलं ते एका रांगेत लिहायचं आणि तेव्हा कसं वाटलं ते समोर.

ती वही वहिनीने जपून ठेवली आहे, मी पाहिली आहे. पहिलं पान असं : "टीव्ही – काही नाही. झोपलो – काही नाही. जेवलो – काही नाही. टीव्ही – काही नाही." दोन पानं हेच. मग बुधवारी सकाळी : "पोदेराकडून पाव घेतले – बरं." त्या दिवशी वहिनीला ताप होता म्हणून तो उठला होता. बाईंनी त्या 'बरं'खाली पेनने दोन रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून पाव तुमच्याकडे. घरात दुसऱ्या कुणी आणायचे नाहीत." वहिनीला वेगळं बजावलं की हे उठले नाहीत तर सगळ्यांनी पावाशिवाय चहा प्या, पण तुम्ही जाऊ नका. पहिल्या आठवड्यात दोनदा पावाशिवाय चहा झाला. आई रागावली, दादाला नाही, त्या बाईंना. तिसऱ्या आठवड्यापासून एकही दिवस चुकला नाही.

या पद्धतीमागचं तत्त्व असं की आधी मन लागेल आणि मग मी काही करीन, अशी वाट बघत बसलं तर मन लागतच नाही. काम आधी, छोटं, ठरलेल्या वेळी. मन मागून येतं. उदास माणूस बाहेर पडणं बंद करतो, त्यामुळे बरं वाटण्याच्या जागा कमी होतात, त्यामुळे तो आणखी उदास होतो. ही साखळी कुठेतरी तोडावी लागते आणि ती हातापायांच्या बाजूने तोडणं सोपं जातं. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगाथ' या संस्थेने हे नीट तपासून पाहिलं आहे. इथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर हा अभ्यास झाला, तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आला. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, बैठकाही सहा ते आठच. तीन महिन्यांनी ज्यांना हे समुपदेशन मिळालं त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हा आकडा ३९ टक्के होता. जगभर हे संशोधन दाखला म्हणून वापरलं जातं, आणि आपल्याकडे विचारलं जातं सुशेगादचं गुपित. मला याचं खरंच वाईट वाटतं.

पण पाव आणणं ही सुरुवात होती. दादाला खरा उभा केला तो शामेळाने.

घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेलं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवतात, पूर्वी घोरपडीचं असे, आता बकऱ्याचं. लहान तोंड डाव्या तळव्याने उघडझाप करत आवाज घुमवतात. शामेळ त्याच्या जोडीला, दोन काठ्यांनी वाजवायचं, आणि सगळी आरती त्याच्या ठेक्यावर चालते. शामेळ चुकला की पंधरा माणसं चुकतात. दादा नव्हता त्या वर्षांत आमच्या वाड्यावरची आरती अक्षरशः लंगडत होती. बाईंनी विचारलं होतं, "पूर्वी काय करायला आवडायचं?" तो म्हणाला, "आता नाही वाजवणार." त्या म्हणाल्या, "वाजवू नका. कातडं तेवढं बघून या, उंदरांनी खाल्लं का."

कातडं धड होतं, पण श्रावणातल्या ओलीने मऊ पडलेलं. अशा कातड्यावर काठी मारली की थप्प असा मेलेला आवाज येतो. दादाने चुलीपुढे बसून ते शेकायला घेतलं. जवळ नेलं तर करपतं, लांब धरलं तर तापत नाही, म्हणून सारखं फिरवत राहायचं, मधूनमधून बोटाने टिचकी मारून ऐकायचं. मी त्या रविवारी माहेरी होते. अर्धा तास तो काही न बोलता टिचक्या मारत होता आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांचा २०१० चा एक अभ्यास आहे. २,२५० लोकांना दिवसातून केव्हाही फोनवर विचारायचं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच, आणि तेव्हा माणसं कमी आनंदी होती. त्या अर्ध्या तासात दादाचं मन कुठेही गेलं नव्हतं, जाऊच शकत नव्हतं.

मग वाड्यावरची तीन-चार पोरं शिकायला यायला लागली. त्यातलं एक सात-आठ वर्षांचं, काठ्या त्याच्या हातापेक्षा लांब. रोज जाताना पायरीवर उभं राहून विचारायचं, "काका, फाल्यां येतलो मू तूं?" उद्या येणार ना तू? दादा घरातच असायचा, यायचं त्या पोरालाच होतं, पण प्रश्न असाच. दादा मला एकदा म्हणाला, "पिऊन बसलो तर त्याला काय सांगू?" बाटली एका दिवसात सुटली नाही. पण संध्याकाळी सहा ते साडेसात ती वेळ त्या पोरांची झाली, आणि प्यायची नेमकी तीच वेळ होती.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही समुद्रावर जाता, चांगलं खाता, फिरता, हे सगळं छान आहे. पण तुमच्या प्रश्नात एकाही माणसाचं नाव नाही. आई, मित्र, शेजारी, ऑफिसमधला कुणी, कोणीच नाही. हार्वर्ड विद्यापीठातला एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे. हार्वर्डचे विद्यार्थी आणि बोस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलं, मिळून ७२४ जण, त्यांचं आयुष्यभर निरीक्षण केलं गेलं. म्हातारपणी कोण आनंदी आणि धडधाकट राहील, हे कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीत जवळच्या माणसांशी संबंध कसे होते त्यावरून जास्त चांगलं ओळखता आलं. मी यात माझ्याकडून एकच भर घालीन. नुसती ओळखीची माणसं असून भागत नाही. तुम्ही आला नाहीत तर ज्याचं काहीतरी अडेल, असं कुणीतरी लागतं. समुद्राचं तुमच्यावाचून अडत नाही.

म्हणून छंद शोधू नका, जागा शोधा. आठवड्याला ठरलेल्या वेळी भरणारी, जिथे तुमची गैरहजेरी कळेल. फुटबॉलचा संघ चालेल, भजनी मंडळ चालेल, गावच्या जत्रेतल्या नाटकाची तालीम चालेल (आमच्याकडे देवळाच्या मांडात, म्हणजे उत्सवाच्या जागेत, अजून मराठी नाटकं होतात आणि पडदा ओढायलाही माणूस लागतो). इमारतीतल्या एखाद्या मुलाला गणित शिकवा. पहिले तीन-चार आठवडे कंटाळा येईल, जावंसं वाटणार नाही. तरी जा. रोजच्या बसमध्ये शेजारच्याशी दोन वाक्यं बोला. शिकागोच्या लोकल गाड्यांत हे करून पाहिलं गेलंय, अनोळखी माणसाशी बोलणं जड जाईल असं प्रवाशांना आधी वाटत होतं, आणि जे बोलले त्यांचाच प्रवास जास्त चांगला झाला. झोप, चालणं, रात्री फोन उशापासून लांब, हे तुम्हाला माहीत असणारच.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टीतही रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. जवळच्या आरोग्य केंद्रात सांगा, किंवा बांबोळीला मानसोपचार संस्था आहे तिथे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. दादा आम्ही नेईपर्यंत गेला नाही, त्यात दोन वर्षं गेली. तुम्ही तेवढं थांबू नका.

मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्या, तेव्हा दादाकडे ट्रक नव्हते. तो एका टेंपोतून नारळ-सुपारीची वाहतूक करत होता, कमाई पूर्वीच्या निम्मीही नव्हती. त्या आठवड्यात तो रोज संध्याकाळी वाड्यावरच्या एका ट्रकवाल्याकडे जाऊन बसायचा. काय बोलतोस, विचारलं तर म्हणाला, "काही नाही. सकाळी पाव आणायला त्याला बरोबर घेऊन जातो."

चवथीच्या दिवसांत डिचोली-साखळीकडे या. जिथे घुमट ऐकू येईल त्या अंगणात जाऊन उभे राहा, ओळख लागत नाही. कुणीतरी हातात कासाळें, म्हणजे झांज, देईल. ते वाजवायला शिकावं लागत नाही, शेजारच्याकडे बघत राहायचं. पहिल्या घरी चुकाल, तिसऱ्या घरापर्यंत ठेका सापडतो.