माणसं वाढवली की काम लवकर होतं का?

प्रश्न : ताई, मी इंदूरला विजय नगरात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे, पाच जणांची टीम. प्रोजेक्ट दीड महिना मागे पडलाय, साहेब म्हणतात अजून चार पोरं देतो, दिवाळीआधी संपव. घेऊ का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : अरे, लगेच हो म्हणू नकोस. आयबीएमच्या ओएस ३६० या कॉम्प्युटर चालवणाऱ्या मोठ्या सॉफ्टवेअरचं काम सांभाळलेले फ्रेड ब्रूक्स १९७५ सालीच लिहून गेलेत की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर तो अजूनच लांबतो. हिशोब बघ ना, पाच जणांत आपसात बोलणाऱ्या जोड्या होतात १०, नऊ जणांत थेट ३६, आणि नवीन पोरांना कोड कोण समजावणार तर तुझे तेच जुने पाच, म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे त्यांचंही काम अडलंच. माझ्या टीममध्ये हेच झालं होतं, आमची सगळ्यात हुशार मुलगी दिवसभर नवीन मुलांच्या लॅपटॉपवर डेटाबेस लावून देत बसायची आणि स्वतःचं काम रात्री दहाला उघडायची, तिसऱ्या आठवड्यात तापाने पडली. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

तू असं कर, दिवाळीला क्लायंटला नक्की काय लागणार ते आधी विचार. बिलिंग लागत असेल तर रिपोर्ट नंतर देता येतात. माणूस घ्यायचाच तर एक टेस्टिंगवाला घे, त्याला सगळा कोड कळायची गरज नसते. आणि शनिवारी संध्याकाळी पोरांना वेळेवर सोड रे, जाऊ देत सराफ्यात खायला.