आयर्लंडमध्ये सरकारी शाळा चर्च चालवतं म्हणतात, मग मुलीला तिथे घालावं का?

घाला. खरं तर उत्तर एवढंच आहे. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, की डब्लिनमधले एक ओळखीचे म्हणाले "मुलगी चार वर्षांची आहे, येण्याआधी बाप्तिस्मा उरकून घ्या म्हणजे ॲडमिशनचं टेन्शन नाही", ते वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून पुढचं सगळं. हे ओळखीचे म्हणजे माझे साडूच नाहीत ना, अशी मला दाट शंका आहे.

आधी डोक्यातलं "कॉन्व्हेंट" काढून टाका. इथे कॅथलिक शाळा म्हणजे फी भरून टाय लावून जायची जागा नाही, कोपऱ्यावरची साधी सरकारी शाळा तीच. आपल्याकडे अनुदानित शाळा असते ना, शाळा संस्थेची आणि मास्तरांचा पगार सरकारचा, तसंच, फक्त संस्थाचालकाच्या खुर्चीत बिशप. त्याला इथे पेट्रन म्हणतात. देशात 3,000 च्या वर प्राथमिक शाळा आहेत, त्यातल्या साधारण 90 टक्के कॅथलिक. म्हणजे "घालावं का" हा प्रश्न तसा नाहीच, बऱ्याच गावांत दुसरी शाळाच नसते.

आणि हे असं का, तर 1831 मध्ये इंग्रजांनी ही सिस्टिम काढली तेव्हा सगळ्या पंथांची पोरं एकत्र बसावीत असा बेत होता, पण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोन्हीकडच्या धर्मगुरूंना ते पटलं नाही आणि हळूहळू ज्याची त्याची शाळा वेगळी झाली. मग 1916 चा उठाव. त्याचा पुढारी पॅट्रिक पिअर्स हा स्वतः मास्तर, 1908 मध्ये स्वतःची शाळा काढलेला, इंग्रजांच्या शिक्षणपद्धतीला धू धू धुणारा. त्याला गोळ्या घातल्या, पुढे 1922 ला स्वतंत्र राज्य आलं, आणि नव्या सरकारने शाळांचं काय केलं तर आयरिश भाषा सक्तीची केली आणि कारभार होता तिथेच ठेवला, गावच्या फादरच्या हातात. एवढी क्रांती झाली पण शाळेची किल्ली काही हलली नाही. मला विचाराल तर तिथेच चुकलं, पण मला कोण विचारतंय.

आता माझं. मुलगा 2015 च्या सप्टेंबरात ज्युनियर इन्फंट्सला, म्हणजे इथल्या प्राथमिकच्या पहिल्या वर्गाला जाणार होता. शाळा घराच्या गॅलरीतून दिसायची. नकाराचं पत्र आलं त्यात नंबर लावून दिलेलं, आधी या पॅरिशमधली, म्हणजे या चर्चच्या हद्दीतली, बाप्तिस्मा झालेली मुलं, मग शेजारच्या पॅरिशमधली बाप्तिस्मा झालेली, असं करत करत शेवटी "इतर". आम्ही इतर. टॅक्स मात्र मी "इतर" म्हणून नाही, पूर्ण भरत होतो. त्याच्या पुढच्या शाळेतही तेच. त्या काळात इथले आयरिश लोकही, जे लग्न आणि मयत सोडून चर्चची पायरी चढत नाहीत, शाळेसाठी म्हणून पोरांचे बाप्तिस्मे करून घ्यायचे, आणि हे सगळ्यांना माहीत होतं, फादरलासुद्धा.

तर गणपतीत साडूंकडे जेवायला गेलो होतो, तिथे मोदक वाढता वाढता ते म्हणाले, "डोक्यावर पाणीच तर घालायचंय, घरी येऊन पुसून टाक." सगळे हसले. मी नाही हसलो. मी काही देवभोळा माणूस नाही, घरात पूजा बायको करते आणि मी प्रसाद खातो, इतपतच. पण ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्यासाठी तो विधी खरा असतो की नाही? फादरसमोर उभं राहून "हो, याला आम्ही या धर्मात वाढवू" असं कबूल करायचं आणि बाहेर येऊन सर्टिफिकेटची झेरॉक्स ॲडमिशन फॉर्मला जोडायची, याला मी खोटेपणा म्हणतो. साडू याला प्रॅक्टिकल म्हणतात. आमचं त्यावरून जे बिनसलं ते आजतागायत.

शेवटी लांबच्या एका शाळेत जागा मिळाली, तीही कॅथलिकच, बिशप तोच, फक्त तिथे गर्दी नव्हती. रोज बसने सोडायचं, पावसात. शाळा चांगली होती हो, शिक्षिका जीव लावणाऱ्या. धर्माचा तास रोज अर्धा तास असायचा, याला मागे बसवून पुस्तक द्यायचे, विशेष काही वाटलं नाही.

खरी मजा सेकंड क्लासला, म्हणजे शाळेच्या चौथ्या वर्षी. त्या वर्षी सगळ्या वर्गाची फर्स्ट कम्युनियन असते, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसादाची भाकर घ्यायचा विधी, मे महिन्यात. जानेवारीपासून जे सुरू होतं, गाणी, प्रार्थना, रांगेत चालायची प्रॅक्टिस, आणि अर्धा तासाचा कधी दीड तास होतो ते कळत नाही. प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, तुमच्या मुलाला कसलीच सक्ती नाही. बरोबर आहे, इथल्या 1937 च्या घटनेतच तो हक्क आहे, आपल्या घटनेच्या 28 व्या कलमासारखा. पण हक्क असला तरी पोरगं त्या वेळात बसणार कुठे? जादा शिक्षक नाही, जादा खोली नाही. मग तो आणि एक पाकिस्तानी मुलगी मागच्या बाकावर चित्रं रंगवत. आणि वर्ग चर्चमध्ये प्रॅक्टिसला निघाला की यांनाही न्यायचे, कारण मागे सांभाळायला कोणी नाही. परिणाम काय, तर ज्याला धर्माच्या तासातून सूट होती त्याला सगळी स्तोत्रं तोंडपाठ, बाथरूममध्ये खड्या आवाजात. सासूबाई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या, त्यांना वाटलं इंग्रजी कविता आहेत, कौतुकाने व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला.

कम्युनियन झाल्यावरच्या सोमवारी वर्गात कुणाला किती युरो मिळाले याचा हिशोब. नातेवाईक पाकिटं देतात, अंगणात बाउन्सी कासल, मुली पांढऱ्या झग्यात, सगळं लग्नासारखं. हा घरी येऊन म्हणाला, "माझी कधी?" यावर साडूंचा तोडगा तयार होता, आठवं वर्ष आहे, पुण्यात हॉल घेऊन मुंज करून टाक, पाकिटंही येतील. मी म्हटलं, ती पण नाही. तेव्हा ते जे म्हणाले ते मला लागलं, "म्हणजे तू त्यांचंही देणार नाहीस आणि आपलंही देणार नाहीस." अहो पण सात-आठ वर्षांच्या पोराला धर्म म्हणजे पाकिटं असं शिकवायचं, मग ते इकडे असो की तिकडे, यात द्यायचं काय आहे? आता तो सेकंडरीत आहे, रिलिजन हा परीक्षेचा विषय म्हणून स्वतः घेतलाय, पाच धर्म आहेत, आणि हिंदू धर्माचा भाग त्याला शिकवायला साडूच येतात. असो.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. 2018 मध्ये कायदा बदलला. कॅथलिक प्राथमिक शाळेला ॲडमिशन देताना बाप्तिस्मा झालाय का हे आता बघता येत नाही, तेव्हा तुमच्या ओळखीच्यांचा सल्ला जुना झालाय, खोटेपणाचा तर तो तेव्हाही होता. हा बदल फक्त प्राथमिकला आहे, सेकंडरीचं तेव्हा बघा. एज्युकेट टुगेदर नावाच्या सर्वधर्मी शाळा आहेत, पहिली 1978 ची, डब्लिनजवळ डॉकीची, चांगल्या असतात, जवळ मिळाली तर आधी तिथेच अर्ज करा, पण त्या कमी आहेत, तशीच शाळा हवी म्हणून वर्ष घालवू नका. गुगल केलंत तर 2009 चा रायन रिपोर्ट सापडेल, चर्चच्या वसतिगृहवजा संस्थांमध्ये मुलांवर काय अत्याचार झाले त्याचा, वाचून झोप उडते. ते खरं आहे, पण आजची कोपऱ्यावरची शाळा म्हणजे ते नव्हे.

घातलंत की सप्टेंबरातच बाईंना विचारा, धर्माच्या तासाला माझी मुलगी नेमकी कुठे बसणार आणि काय करणार. "आम्ही हिंदू आहोत" यावर भाषण नको, तेवढं त्यांना दिसतं. आणि सेकंड क्लास सुरू व्हायच्या आधी परत विचारा.

पुढच्या सप्टेंबरसाठी शाळा आदल्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरच्या आधी अर्ज घेत नाहीत, आणि आता बरंचसं पत्त्यावर ठरतं. म्हणून शाळांना मेल टाकत बसण्यापेक्षा आधी घर शोधा, ते इथे शाळेपेक्षा अवघड आहे.