फुकटातलं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, कुठलं घेऊ?

प्रश्न: मी अभंग गाते, भाऊ पेटी वाजवतो. घरी यूएसबी माइक आणि 4 जीबी रॅमचा जुना विंडोज लॅपटॉप आहे. ऑडॅसिटी, रीपर, गॅरेजबँड अशी बरीच नावं ऐकलीत, नक्की काय शिकू? आणि आधी पेटी रेकॉर्ड करून त्यावर गायलं की माझा आवाज मागे पडतो, असं का होतं?

उत्तर: ताई, डोळे झाकून ऑडॅसिटी घ्या. गॅरेजबँड फक्त ॲपलवर चालतं, आणि रीपर फार छान असलं तरी 60 दिवस वापरून झालं की लायसन्स विकत घ्यावं लागतं. ऑडॅसिटी 2000 सालापासून फुकटच आहे आणि तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालेल. त्यात मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडून सूर वाजवायचा कीबोर्ड) रेकॉर्ड होत नाही, पण पेटी आणि गळा असताना तो हवाय कशाला!

आता आवाज मागे पडतो त्याचं. माइकमधून आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन ट्रॅकवर उमटेपर्यंत थोडा वेळ जातो, त्यालाच लेटन्सी म्हणतात, तुमच्या लयीचा यात काही दोष नाही. जनरेट मेनूतून ऱ्हिदम ट्रॅक (नुसत्या ठोक्यांचा ट्रॅक) बनवा, हेडफोन माइकला चिकटवून धरा आणि ते ठोके नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा, मग झूम करून दोन्ही ट्रॅकमधला फरक बघा. समजा नवा ठोका 40 मिलिसेकंद मागे दिसतोय आणि प्रेफरन्सेसमध्ये लेटन्सी कॉम्पेन्सेशन (हा उशीर भरून काढणारा आकडा) -130 मिलिसेकंद आहे, तर ते -170 करा. बस, पुढचं सगळं जुळून येतं. माइक किंवा हेडफोन बदलला तर मात्र परत मोजायचं.

तानपुरा हेडफोनमध्येच ऐका, स्पीकरवर अजिबात नको. कारण नॉइज रिडक्शनसाठी (मागची घरघर काढण्यासाठी) आधी दोन-तीन सेकंद शांततेचा नमुना द्यावा लागतो आणि त्यात तानपुरा घुसला तर सॉफ्टवेअर त्या सुरांनाच कचरा समजून तुमच्या गाण्यातूनही खरवडून काढतं, मग आवाज पाण्यातून आल्यासारखा लागतो. त्यापेक्षा पंखा बंद करून गायलेलं केव्हाही चांगलं.

लेव्हल वरच्या पट्टीतल्या तानेला तपासा, मुखड्याला नाही. मीटर -6 डीबीच्या (डेसिबलच्या) वर जायला नको, एकदा आवाज फाटला की नंतर तो नीट होत नाही.

सुरुवातीला एकच अभंग घ्या आणि तोच पूर्ण करा. प्रोजेक्ट सेव्ह करून ठेवा, वाव्ह फाइल (पूर्ण दर्जाची) वेगळी काढा, आणि नातेवाईकांना व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपीथ्री चालेल.