तनाकांचा कागद

प्रश्न : जपानचे पंतप्रधान तनाका गिइची यांनी १९२७ मध्ये सम्राटाला गुप्त निवेदन दिलं होतं, असं वाचलं. जग जिंकायचं तर आधी चीन घ्यावा, चीन घ्यायचा तर आधी मांचुरिया आणि मंगोलिया, अशी त्यात योजना होती म्हणे. पुढे जपानने बरंचसं तसंच केलं. मग अभ्यासक हा कागद बनावट का ठरवतात? – एक वाचक, मिरज

उत्तर : पुढे काय घडलं ते घटकाभर विसरा आणि नुसता कागद बघा. माझी हयात मोडी दप्तरं चाळण्यात गेली. वतनाच्या कज्ज्यातला खोटा महजर (साक्षीदारांच्या नावांसह लिहिलेला निवाड्याचा कागद) पुष्कळदा साक्षीदारांच्या नावांत पकडला जातो : साक्ष घातलेला गृहस्थ त्या तारखेला मयत असतो! इथेही तेच झालंय. चीनची अखंडता मान्य करणाऱ्या नऊ राष्ट्रांच्या करारानंतर त्यावर तोड काढायला तेव्हाचे सम्राट तैशो यांनी ज्येष्ठ मुत्सद्दी यामागाता आरितोमो आदींशी मसलत केली, असं निवेदन सांगतं. करारावर सह्या झाल्या ६ फेब्रुवारी १९२२ रोजी. यामागाता वारले १ फेब्रुवारीला.

दुसरी गोष्ट मला याहून बोलकी वाटते. युरोप-अमेरिकेहून परतताना शांघायमध्ये आपल्यावर हल्ला झाला, असं यातले तनाका लिहितात. हल्ला झाला होता हे खरं, पण ते येत होते फिलिपिन्सहून. जिवावरचा प्रसंग माणूस असा विसरेल?

जपानी मूळ प्रत कुठेच मिळालेली नाही. चिनी मजकूर नानजिंगच्या एका मासिकात आला तो डिसेंबर १९२९ मध्ये; खुलासा करायला तनाका उरले नव्हते, सप्टेंबरातच गेले होते.

लोकांचा विश्वास बसला, त्यालाही कारण होतं. १९२७ च्या उन्हाळ्यात चीनविषयक धोरणावर तोक्योत मोठी परिषद खरोखर भरली होती, आणि १८ सप्टेंबर १९३१ ला मांचुरियातल्या मुकदेनजवळ रेल्वेमार्गावर स्फोट घडवून जपानी सैन्याने मांचुरिया घेतला. पण तो डाव क्वांतुंग सैन्यातल्या, म्हणजे मांचुरियात ठेवलेल्या जपानी फौजेतल्या, इशिवारा, इतागाकी अशा अधिकाऱ्यांचा. तोक्योच्या सरकारला त्यांनी विचारलंही नव्हतं. कागद खोटा म्हणून जपानची हाव खोटी ठरत नाही. तिचे पुरावे याच अधिकाऱ्यांच्या कारवायांत आहेत.

आणि ज्या तनाकांच्या नावावर जग जिंकण्याचा आराखडा खपवला, त्यांना आपलंच सैन्य आवरत नव्हतं. जून १९२८ मध्ये क्वांतुंग सैन्यातल्या लोकांनी मांचुरियाचा सरदार चांग त्सो-लिन याची आगगाडी उडवून त्याला मारलं. दोषींना शिक्षा करतो, असं तनाकांनी सम्राट हिरोहितोंना सांगितलं होतं. सैन्याने ते होऊ दिलं नाही. सम्राटाची मर्जी गेली, आणि जुलै १९२९ मध्ये तनाकांचं मंत्रिमंडळ गेलं.