सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांचे आयुष्मान कार्ड निघाले म्हणजे त्यांच्या उपचारांची सोय झाली का?

गावी राहणाऱ्या आईवडिलांचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढल्यावर त्यांच्या औषधपाण्याची काळजी मिटली असे समजावे का, असे आपण विचारले आहे. कार्ड अवश्य काढावे, पण काळजी मिटली असे समजू नये, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे. माझी आई ७८ वर्षांची आहे आणि पाटण तालुक्यातील एका डोंगरी वाडीत राहते. मी पुण्यात नोकरी करतो.

आधी कार्डाविषयी सांगतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले. जे कुटुंब आयुष्मान भारत योजनेत आधीपासून आहे, त्यातील ज्येष्ठांसाठी ही रक्कम वेगळी असते, ती नातवंडांच्या आजारपणात संपत नाही. ही तरतूद मोठी आहे आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र ती रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीच्या ३ दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा औषधांचा व तपासण्यांचा खर्च तिच्यात धरला जातो. वर्षानुवर्षे रोज घ्याव्या लागणाऱ्या रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या, बाह्यरुग्ण विभागातील तपासणी, घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा, यांतले काहीही तिच्यात येत नाही. म्हातारपणाचे आजार बहुतांशी याच प्रकारचे असतात.

आईला बारा वर्षांपासून रक्तदाब आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, त्यामुळे गोळीला पैसे पडत नाहीत. वयाची ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवासही मोफत आहे. पण एसटी वाडीपर्यंत येतच नाही. तीन किलोमीटरचा उतार उतरून थांब्यावर जावे लागते, बस चुकली तर वडापची, म्हणजे प्रवासी भरून चालणाऱ्या खासगी गाडीची, वाट पाहावी लागते, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तोच चढ परत चढावा लागतो. एवढे करून दहा दिवसांच्या गोळ्या हातात पडत. मग आईने कोणालाही न सांगता एक दिवसाआड गोळी घ्यायला सुरुवात केली, म्हणजे त्याच गोळ्या वीस दिवस पुरतील. मला हे सहा महिन्यांनी कळले, तेही तिला चक्कर येऊन ती ओट्यावर पडली तेव्हा. तिला पक्षाघात झाला असता, तर त्या दिवसापासून ५ लाखांचे संरक्षण लागू झाले असते. तो टळावा म्हणून लागणारी गोळी तिच्या घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मात्र नव्हती.

हे आपल्याकडे अशक्य आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याने तमिळनाडूकडे पाहावे. तिथे ऑगस्ट २०२१ मध्ये कृष्णगिरी जिल्ह्यातून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’, म्हणजे लोकांच्या शोधात निघालेले वैद्यक, ही योजना सुरू झाली. गावातीलच प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जाऊन रक्तदाब व साखर तपासतात आणि गोळ्या हातात देतात. फिजिओथेरपी आणि वेदनाशामक शुश्रूषाही घरी मिळते. केरळने २००८ मध्ये अशा शुश्रूषेचे धोरण स्वीकारून घरभेटींची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे दिली. आपल्याकडे आशाताई आहेत, पण त्यांच्यावर कामांचा आधीच इतका भार आहे की मोबदला न वाढवता हेही त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध कक्ष आणि त्याखालच्या रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी बाह्यरुग्ण सेवा सांगितली आहे. पण जो घराबाहेर पडू शकतो त्यालाच तिचा लाभ घेता येतो.

आता आपल्यापुरते सांगतो. वय आधारवरून धरले जाते, आणि जुन्या पिढीतील अनेकांची जन्मतारीख तिथे अंदाजाने नोंदवलेली असते. ती आधी पाहून घ्यावी. शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्र अनेकदा ओळखत नाही, अशा वेळी चेहरा दाखवून किंवा मोबाईलवर आलेल्या क्रमांकाने ओळख पटवता येते. कोणते रुग्णालय योजनेत आहे हे १४५५५ या क्रमांकावर आजच विचारून ठेवावे, आणि दाखल होताना तेथील आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनीसांना, प्रथम भेटावे. दवाखान्यात महिनाभराच्या गोळ्या एकदम मागाव्यात. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून आईची अडचण सांगितली, तेव्हा त्यांनी तशी चिठ्ठी लिहून दिली. आता बाजाराला जाणारी शेजारची सून दर महिन्याला आईच्या केसपेपरवर गोळ्या घेऊन येते, आणि मी रविवारच्या फोनवर पाकिटात किती उरल्या ते आईला मोजायला सांगतो.