तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : मालिका लिहिणाऱ्याच्या हातात पेन कुणी दिलं?

प्रश्न : ताई, तुमच्या मासिकात मालिकांवर चार पानं असतात, पण सगळी हिरॉईनचं किचन नि तिच्या साड्या. माझा भाचा मुंबईत मालिकेचे संवाद लिहितो. एका मासिकाने (तुमच्या नव्हे) त्याचा फोटो काढला तर खिडकीत बसवून हातात शाईचं पेन दिलं, तो बिचारा सगळं लॅपटॉपवर टाईप करतो. खाली छापलं ‘शब्दांचा जादूगार’. ते वाचून सासूबाई विचारतात, “म्हणजे ह्यो करतो काय गं?” असं का करता तुम्ही लोक?
– एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : आक्का, तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण ही चूक मी पण केलीय. काही वर्षांमागं एका सेटवर गेले होते, नटी मेकअपच्या खुर्चीत बसून मोबाईलवर सीन वाचत होती, तो सीन लेखकानं नुकताच पाठवला होता, नि तिच्या बाजूला एक असिस्टंट पोरगी तिच्या डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या मोजून वहीत लिहूलाली होती, कारण काल अर्धा सीन झाला होता, आज एक बांगडी कमी पडली तर प्रेक्षक लगेच पकडतात. मी परत आले नि लेख लिहिला नटीच्या जेवणाच्या डब्यावर. त्या पोरीचं नाव पण विचारलं नव्हतं, ते मला अजून लागतं.

आता सासूबाईंना सांगा, भाचा काय करतो ते. डेली सोपमध्ये कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, असं बऱ्याचदा असतं. अर्ध्या तासाच्या एपिसोडमध्ये जाहिराती काढून साधारण २२ मिनिटं उरतात, ती जवळजवळ रोज भरायची. त्यात गुरुवारी टीआरपी आला नि आकडा पडला की चॅनेलकडून कथेचा ट्रॅक बदलायला सांगतात, लिहिलेलं बाजूला ठेवून परत लिहायचं. आणि मासिकं काय छापतात? ‘लेखकानं मालिका ताणली’. ताणायचं कुणी ठरवलं ते कोण विचारतच नाही. बाई लेखिका असली तर अजून वाईट, पहिला प्रश्न ‘घर कसं सांभाळता?’ हा प्रश्न आमच्याकडनं आता बंद, मी संपादकांशी बोललेय.

भाच्याला सांगा, जिथं बसून खरंच लिहितो त्या जागेचा फोटो पाठव. पेन नको.

प्रश्न : टीव्हीमागच्या माणसांत आपल्या बेळगावचं कोण होतं का?
– एक कॉलेज विद्यार्थी, शहापूर

उत्तर : बेळगावचे म्हणता येणार नाही, पण पुलं आपल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते की! दिल्लीत १९५९ ला दूरदर्शन सुरू झालं, तिथं नेहरूंची मुलाखत घेणारे पहिले तेच. मुंबई केंद्र तर १९७२ ला आलं, म्हणजे बघा किती आधी. पण त्यांच्यावरचे विशेषांक काढा, हशा, पेटी, किस्से पानंच्या पानं मिळतील, टीव्हीच्या कामाला चार ओळी. मोठ्या माणसाचं असं होतंय, मग बांगड्या मोजणाऱ्या पोरीला कोण विचारतंय.

प्रश्न : तुम्ही ‘मराठी माणसाची आवडती मालिका’ म्हणून टॉप पाच छापता. आमच्या घरी तर त्यातली एक पण चालत नाही. आम्ही मोजणीत आहोत का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दादा, नाही. बार्क म्हणजे टीव्हीवर काय किती बघितलं जातं ते मोजणारी संस्था, तिच्या यादीत मराठी चॅनेलचा बाजार म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा. निपाणी, खानापूर, बेळगाव कर्नाटकात, म्हणून आपल्या घरातला टीव्ही त्या आकड्यात येत नाही, रोज रात्री मराठी मालिका लागत असली तरी. पुढच्या अंकापासून त्या तक्त्याचं शीर्षक बदलतोय, ‘महाराष्ट्र-गोव्यात जास्त बघितलेल्या मालिका’ असं.